इतिहास व सामाजिक शास्त्रे यांची साधने : आंतरजालावरील शोध आणि पारख

इतिहासाचा पाठ चालू असता एखादा चौकस विद्यार्थी उभा राहतो आणि विचारतो, “गुरुजी, हे कशावरून?” अध्यापनाच्या दृष्टीने याहून मोलाचा प्रश्न दुसरा नाही. पूर्वी “पुस्तकात तसे दिले आहे” एवढे उत्तर बहुधा पुरत असे. खेड्यातील शाळेत पाठ्यपुस्तक, भिंतीवरील दोन-चार तक्ते आणि शिक्षकाची स्मृती यांपलीकडे दुसरे साधनच नसे. सांप्रत परिस्थिती पालटली आहे. मुलाच्या घरी मोबाईल आहे. काल सायंकाळी त्याने त्यावर एक चित्र व त्याखाली चार ओळी पाहिल्या आहेत, आणि त्या ओळी पुस्तकाशी जुळत नाहीत. अशा वेळी “पुस्तकात आहे” हे उत्तर अपुरे पडते, आणि “मोबाईलवरचे सारे खोटे” हे उत्तर तर सर्वस्वी चुकीचे ठरते. ज्या आंतरजालावरून असत्य गावात येते, त्याच आंतरजालावर शिलालेख, जुने ग्रंथ, नकाशे, जनगणनेचे तक्ते आणि ग्रामपंचायतीचे हिशेबही उपलब्ध आहेत. ते कोठे शोधावे, कसे शोधावे आणि हाती आलेले कसे पारखावे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. उदाहरणे शक्यतो नाशिक जिल्ह्यातीलच घेतली आहेत. आपल्या परिसरातून आरंभ करून दूरच्या गोष्टींकडे जाणे हीच प्राथमिक शिक्षणाची खरी रीत होय.

१. साधन म्हणजे काय?

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. त्या नावातच एक मोठा धडा आहे. राजवाड्यांनी प्रथम इतिहास लिहावयास घेतला नाही. त्यांनी गावोगाव हिंडून जुन्या दप्तरांतील कागद मिळविले आणि आधी साधने प्रसिद्ध केली. इतिहास हा साधनांवर उभा असतो. साधन पालटले, नवे सापडले किंवा जुने खोटे ठरले, तर इतिहासही दुरुस्त करावा लागतो.

याचे उत्तम उदाहरण शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचे आहे. एके काळी महाराजांचा जन्म १६२७ साली झाला असे सर्वत्र मानले जाई. पुढे लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी आढळली. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या समकालीन ग्रंथानेही तिला दुजोरा दिला. या तिथीस इंग्रजी दिनांक १९ फेब्रुवारी १६३० येतो, आणि तोच पुढे महाराष्ट्र शासनाने मान्य केला. जन्म एकदाच झाला; पण त्याविषयीचे आपले ज्ञान साधन मिळाल्यावर दुरुस्त झाले. ही गोष्ट वर्गात सांगितली, म्हणजे इतिहास ही पाठांतराची यादी नसून शोधाची वाट आहे, हे मुलांच्या सहज ध्यानी येते.

शिक्षकाने दोन प्रकारची साधने मनात वेगळी ठेवावीत. शिलालेख, ताम्रपट, नाणे, पत्र, दप्तर, त्या काळातील वृत्तपत्र ही मूळ साधने होत. पाठ्यपुस्तक, विश्वकोशातील नोंद, चरित्रग्रंथ ही मूळ साधनांवरून तयार केलेली दुय्यम साधने होत. दुय्यम साधन कमी प्रतीचे असते असे नव्हे. प्राथमिक शिक्षकास प्रथम तेच उपयोगी पडते. मात्र वाद उत्पन्न झाला तर निवाडा मूळ साधनाकडूनच घ्यावयाचा असतो.

२. कोठे शोधावे?

आंतरजाल हे एखाद्या मोठ्या आठवडे बाजारासारखे आहे. कोणत्या ओळीत कोणता माल मिळतो हे ठाऊक असेल, तर वेळ वाया जात नाही. शिक्षकाने पुढील ठिकाणे प्रथम परिचित करून घ्यावीत.

बालभारती व दीक्षा : बालभारती ही संस्था १९६७ साली स्थापन झाली. तिच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात. खालच्या व वरच्या इयत्तांची पुस्तके एकत्र उतरवून घेतल्यास, एखादा घटक मुलांनी मागे किती शिकला आहे व पुढे किती शिकणार आहेत, हे पाठटाचण लिहिताना दिसते. दीक्षा हे केंद्र शासनाचे व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडवरून तेथील चित्रफिती व प्रश्नसंच उघडता येतात.

मराठी विश्वकोश : तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे सिद्ध झालेल्या या ग्रंथाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आज त्याचे खंड आंतरजालावर वाचता येतात. नोंदी जाणकारांनी लिहिलेल्या व संपादकांनी तपासलेल्या असल्यामुळे मराठीतून खात्रीची प्राथमिक माहिती मिळविण्यास हे पहिले ठिकाण समजावे.

गॅझेटियर : जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांची माला तयार झाली. तिचा सोळावा खंड नाशिक जिल्ह्याचा असून तो १८८३ साली प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्यानंतरची सुधारलेली आवृत्ती १९७५ साली निघाली. महाराष्ट्र शासनाच्या गॅझेटियर विभागाने हे ग्रंथ आंतरजालावर आणले आहेत. जिल्ह्यातील किल्ले, बाजार, घाट, पिके, दुष्काळ, देवस्थाने यांविषयी इतकी तपशीलवार माहिती एकत्र क्वचितच मिळते. ग्रंथ इंग्रजीत आहेत. परंतु आपल्या तालुक्याची व गावाची पाने वाचण्यापुरते श्रम कोणाही शिक्षकास साध्य आहेत.

इंटरनेट आर्काइव्ह : १९९६ साली स्थापन झालेले हे एक विशाल डिजिटल ग्रंथालय आहे. राजवाड्यांचे खंड, पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले भाग, ‘एपिग्राफिया इंडिका’ ही शिलालेखांची माला असे अनेक जुने ग्रंथ तेथे पानोपान पाहावयास मिळतात.

अभिलेख पटल व इंडियन कल्चर : दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील कागदपत्रांसाठी अभिलेख पटल, आणि ग्रंथ, चित्रे व वस्तुसंग्रहालयांतील वस्तूंसाठी सांस्कृतिक मंत्रालयाचे इंडियन कल्चर हे संकेतस्थळ उपयोगी आहे.

नकाशे : इस्रोचे भुवन हे संकेतस्थळ २००९ पासून उपलब्ध आहे. उपग्रहातून घेतलेली आपल्या गावाची, नदीची व धरणाची चित्रे तेथे दिसतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशेही आंतरजालावरून मिळविता येतात.

नागरिकशास्त्राची साधने : भारताचे संविधान मराठीत उपलब्ध आहे. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक गावाची लोकसंख्या, साक्षरता व सोयी यांचे आकडे आहेत. केंद्र शासनाच्या ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर ग्रामपंचायतीचा विकास आराखडा व खर्च पाहता येतो. ते २०२० साली सुरू झाले.

मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. त्याविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. तेथील लेख कोणासही दुरुस्त करता येतो. त्यामुळे काही लेख उत्तम, तर काही कच्चे आहेत. लेखाच्या शेवटी ज्या ग्रंथांचे आधार दिलेले असतात, त्यांच्याकडे जाण्याची वाट म्हणून त्याचा उपयोग करावा.

३. कसे शोधावे?

शोधखिडकीत केवळ ‘नाशिकचा इतिहास’ असे शब्द घातल्यास सहलीच्या जाहिराती व एकमेकांवरून उतरविलेले मजकूरच पुढे येतात. म्हणून प्रश्न जितका नेमका, तितके उत्तर नेमके, हे सूत्र ध्यानात ठेवावे. ‘पांडवलेणी’ याऐवजी ‘पांडवलेणी लेणे क्रमांक १० उषवदात शिलालेख’ असे शोधावे. ‘दुष्काळ’ याऐवजी ‘नाशिक १८७६ दुष्काळ गॅझेटियर’ असे शोधावे.

दुसरी अडचण नावांच्या लेखनाची. जुन्या इंग्रजी ग्रंथांत नाशिकचे स्पेलिंग आजच्यासारखे नाही. तेथे ‘श’ साठी एस व एच ही दोन अक्षरे नसून एकटा एस आहे. चांदवडचे नाव त्या काळी चांदोर असे लिहीत, व पेठचे पेइंट असे. आजच्या स्पेलिंगने शोध घेतल्यास ग्रंथ असूनही सापडत नाही, आणि शिक्षक निराश होऊन शोध सोडतो. यास्तव दोन-तीन प्रकारे नाव लिहून पाहावे.

तिसरी गोष्ट भाषांतराची. मोबाईलवरील भाषांतराची सोय इंग्रजी उतारा समजण्यास साहाय्य करते. परंतु विशेषनामे, तिथ्या, नाणी व वजनेमापे यांत ती वारंवार चुकते. भाषांतरावरून अर्थ समजून घ्यावा आणि नावे व आकडे मात्र मूळ पानावरूनच टिपावेत. संगणकाने स्वतः रचून दिलेल्या उत्तरांसही हाच नियम लागू आहे. उत्तर कितीही सफाईदार असले, तरी ज्या ग्रंथाचे पान दाखविता येत नाही, ते पाठात घेऊ नये.

सापडलेल्या साधनाची नोंद त्याच वेळी करावी. ग्रंथाचे नाव, खंड, पृष्ठ आणि पाहिल्याचा दिनांक एवढ्या चार गोष्टी पाठटाचणाच्या वहीत लिहिलेल्या असल्या, म्हणजे पुढील वर्षी तोच शोध पुन्हा घ्यावा लागत नाही.

४. पारख कशी करावी?

धान्य घरात घेण्यापूर्वी गृहिणी ते निवडते, पाखडते. माहितीच्या बाबतीतही हेच करावयाचे आहे. त्यासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत. हे कोणी सांगितले? केव्हा सांगितले? कशासाठी सांगितले? दुसरे कोणते साधन यास दुजोरा देते?

गॅझेटियरचेच उदाहरण घ्यावे. ते सरकारी अधिकाऱ्यांनी राज्यकारभाराच्या सोयीसाठी लिहिले. म्हणून त्यातील शेतसारा, बाजारभाव, अंतरे यांचे आकडे मोलाचे आहेत. परंतु १८५७ साली सिन्नर तालुक्यात नांदूर शिंगोटे येथे भागोजी नाईकाच्या भिल्ल साथीदारांची इंग्रजी पोलिसांशी चकमक झाली, तिचे वर्णन तेथे दंगा मोडणाऱ्याच्या दृष्टीने आले आहे. घटनेचा दिवस व ठिकाण गॅझेटियरवरून घेता येईल. त्या माणसांची योग्यता मात्र केवळ त्यांच्या शत्रूच्या लेखणीवरून ठरविता येणार नाही. आदिवासी जमातींविषयी त्या ग्रंथांत जे सरसकट शेरे आहेत, ते वर्गात वाचून दाखवू नयेत. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील वर्गांत ज्यांच्या पूर्वजांविषयी ते शेरे आहेत, तीच मुले समोर बसलेली असतात.

चित्रांची पारख याहून कठीण आहे. असत्य चित्र ही काही आंतरजालाने आणलेली नवी आपत्ती नव्हे. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी शिवाजी महाराजांचे समकालीन चित्र शोधून १९३३ साली प्रसिद्ध केले. तत्पूर्वी दुसऱ्याच एका सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात असे. आज चित्राचा मूळ शोध घेण्याची सोय मोबाईलमध्येच आहे. चित्र त्या सोयीस दिले की ते पूर्वी कोठे कोठे प्रसिद्ध झाले हे दिसते. आणि पुष्कळदा दुसऱ्या देशाचे किंवा चित्रपटातील दृश्य आपल्या इतिहासाचे म्हणून फिरविले जात असल्याचे उघड होते.

५. नमुना पाठ : लेण्यातील ठेव

पुढील पाठ इयत्ता सहावी-सातवीसाठी आहे. इतिहास, गणित व नागरिकशास्त्र यांचा समवाय त्यात साधता येतो.

पूर्वतयारी : नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत २४ लेणी आहेत. त्यांतील शिलालेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत आहेत. एमिल सेनार यांनी त्यांचे वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात प्रसिद्ध केले. तो खंड इंटरनेट आर्काइव्हवर पाहता येतो. शिक्षकाने लेणे क्रमांक १० चे छायाचित्र व शिलालेखाचा ठसा उतरवून घ्यावा.

पूर्वज्ञान : शाळेच्या बक्षिसासाठी गावातील एखाद्या कुटुंबाने पतपेढीत वा बँकेत कायम ठेव ठेवलेली असते. मुद्दल तसेच राहते आणि व्याजातून दरवर्षी बक्षीस दिले जाते. यावर दोन-तीन प्रश्न विचारावेत.

हेतुकथन : “अशीच एक कायम ठेव नाशिकजवळ सुमारे १९०० वर्षांपूर्वी ठेवली गेली. तिचा हिशेब दगडावर कोरलेला आहे. आज आपण तो तपासू या.”

विषयविवेचन : क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने हे लेणे भिक्षुसंघास दान दिले आणि ३,००० कार्षापण कायमचे ठेवले. ही रक्कम त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, गुंतविली. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि दुसरीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले. मुद्दल परत घ्यावयाचे नव्हते. केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा होता. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंपैकी प्रत्येकास वस्त्रांसाठी १२ कार्षापण द्यावयाचे होते.

आता मुलांकडून फळ्यावर हिशेब करून घ्यावा. २,००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्यास २० व वर्षास २४० कार्षापण. २० भिक्षूंस प्रत्येकी १२ म्हणजे २४०. हिशेब तंतोतंत जुळतो! दुसऱ्या ठेवीचे व्याज वर्षास ९० कार्षापण होते. हा हिशेब स्वतः केल्यावर मुलांस तो शिलालेख निर्जीव वाटत नाही. त्या काळी विणकरांचे संघ होते, लोक त्यांच्याकडे विश्वासाने पैसा ठेवीत, नाणी चालत आणि व्याज मोजले जाई, ही सर्व अनुमाने मुले आपण होऊन काढतात. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदविला, असेही लेखात आहे. येथून आजच्या दस्तनोंदणीकडे व ग्रामसभेकडे वळता येते. गोवर्धन हे गाव नाशिकच्या पश्चिमेस आजही आहे; ते नकाशावर दाखवावे.

दुजोरा : लेणे क्रमांक ३ मध्ये गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध लेख आहे. आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरात वंश निर्मूल केला, असे ती त्यात सांगते. येथे थांबून मुलांस विचारावे, “आईने मुलाची केलेली स्तुती पुरावा म्हणून जशीच्या तशी मानावी काय?” मुले बहुधा हसतात आणि मग विचारात पडतात. त्यानंतर जोगलटेंभीची हकीकत सांगावी. सिन्नर तालुक्यातील या गावी १९०६ साली चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ती नाणी नहपानाची होती. आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. पराभूत राजाची नाणी जेत्याने आपल्या नावाने चालविली, असा याचा अर्थ. लेखातील शब्दास धातूची साक्ष मिळाली. ‘दुजोरा’ म्हणजे काय, हे शिकविण्यास याहून चांगले उदाहरण दूर कोठे शोधावयास नको.

संकलन व उपयोजन : मुलांनी दोन्ही साधनांचा तक्ता करावा. कोणी, केव्हा, कशासाठी, दुजोरा कशाचा, असे चार रकाने असावेत. शक्य असेल त्या शाळांनी सहल पांडवलेण्यांकडे व अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेच्या संग्रहालयाकडे न्यावी. आंतरजालावरील चित्र हे प्रत्यक्ष दर्शनाची पूर्वतयारी होय. प्रत्यक्ष दर्शनाची जागा ते घेऊ शकत नाही.

६. नाजूक विषयांत साधनाचा आधार

काही घटक शिकविताना शिक्षकाचे मन कचरते. काळाराम मंदिर सत्याग्रह हा तसा एक घटक आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिक येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशासाठी हा सत्याग्रह सुरू झाला. भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड हे त्यातील प्रमुख कार्यकर्ते होते. लढा काही वर्षे चालला, तरी मंदिराची दारे त्या काळात उघडली नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

गावातील वर्गात सर्व समाजांची मुले एकत्र बसतात. हा भाग घाईने उरकून टाकला, तर ज्यांच्या आजा-पणजांनी तो सत्याग्रह केला, त्या मुलांवर अन्याय होतो. ऐकीव गोष्टींवरून भडकपणे सांगितला, तर वर्गात दुही माजते. या दोन्ही दोषांतून सुटण्याचा मार्ग मूळ साधनाचा आहे. बाबासाहेबांचे लेखन व भाषणे यांचे खंड महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केले असून ते आंतरजालावर उपलब्ध आहेत. शासनाने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या साधनखंडात या चळवळीविषयीचे तत्कालीन कागद व बातम्या एकत्र केलेल्या आहेत. त्यांतील दिनांक, मागणी व घडलेल्या गोष्टी क्रमाने फळ्यावर मांडाव्यात. त्यानंतर संविधानाचा सतरावा अनुच्छेद मराठीतून मुलांकडून वाचून घ्यावा. अस्पृश्यता नष्ट करण्यात आल्याचे तो सांगतो. १९३० साली जे मागूनही मिळाले नाही, ते १९५० पासून प्रत्येकाचा हक्क कसे झाले, हा प्रश्न मुलांसमोर ठेवावा. शिक्षकाने निर्णय ऐकवू नये. साधने क्रमाने मांडावीत. न्यायबुद्धी मुलांत असतेच. तिला वाव देणे हे शिक्षकाचे काम होय.

७. आपले गाव हेच साधन

नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ६१,०७,१८७ होती. एवढा मोठा आकडा मुलांच्या कल्पनेत मावत नाही. परंतु आपल्या गावाचा आकडा मावतो. जनगणनेच्या पुस्तिकेतून गावाची लोकसंख्या, कुटुंबे व साक्षरांची संख्या काढावी. २०२१ साली व्हावयाची जनगणना पुढे ढकलली गेल्यामुळे हे आकडे जुने झाले आहेत, हे मुलांस अवश्य सांगावे. मग मुलांनीच आपल्या वाडीची मोजणी करून फरक पाहावा. साधन जुने कसे होते, हे त्यांस अनुभवाने कळेल.

ग्रामपंचायतीच्या आराखड्यात शाळेसाठी, पाण्यासाठी, रस्त्यासाठी किती रक्कम धरली आहे, हे ई-ग्रामस्वराजवर पाहून वरच्या वर्गातील मुलांनी त्याचा तक्ता करावा आणि सरपंच वा ग्रामसेवक यांस शाळेत बोलावून प्रश्न विचारावेत. हेतू दोष काढण्याचा नसावा. कारभार समजून घेणे हा नागरिकशास्त्राचा पाठ आहे. त्यास तपासणीचे रूप येऊ देऊ नये.

१८७६-७७ च्या दुष्काळाचे वर्णन गॅझेटियरमध्ये आहे. १९७२ चा दुष्काळ मात्र गावातील वृद्ध माणसांच्या स्मरणात आहे. खडी फोडण्याची कामे, त्या वेळी झालेले पाझर तलाव, मिळालेले धान्य यांविषयी मुलांनी आजी-आजोबांकडून ऐकून लिहून आणावे. त्या अनुभवातून वाढलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला, हे शिक्षकाने जोडून सांगावे. ग्रंथातील दुष्काळ आणि आजीने सांगितलेला दुष्काळ शेजारी ठेवले, म्हणजे दोन साधनांची तुलना आपोआप होते.

शाळेचे जनरल रजिस्टर व जुने शेरेपुस्तक हीही मोलाची साधने आहेत. कोणत्या वर्षी पहिली मुलगी दाखल झाली, कोणत्या वर्षी पट वाढला, हे त्यांवरून कळते. मात्र त्यांत व्यक्तींची नावे, जात व जन्मतारीख असते. ते कागद मुलांच्या हाती देऊ नयेत, त्यांची छायाचित्रे कोठेही पाठवू नयेत; शिक्षकाने केवळ संख्या काढून द्याव्यात.

८. जेथे रेंज नाही तेथे

डोंगराळ भागातील पुष्कळ शाळांत आंतरजाल धड चालत नाही. तरीही वरील सर्व साधने त्या शाळांस वापरता येतील. केंद्रातील शिक्षकांनी विषय वाटून घ्यावेत. एकाने शिलालेख व नाणी, दुसऱ्याने नकाशे, तिसऱ्याने जनगणना, चौथ्याने संविधान व ग्रामपंचायत असे करावे. तालुक्याच्या गावी किंवा केंद्रशाळेत पीडीएफ व चित्रे एकदाच उतरवून पेनड्राइव्हमध्ये ठेवावीत आणि शिक्षण परिषदेच्या दिवशी सर्वांनी आपापल्या मोबाईलमध्ये घ्यावीत. एक चांगले चित्र मोठे छापून तक्त्यावर चिकटविले, तर ते वर्षानुवर्षे टिकते व वीज नसतानाही दिसते. मजकूर घेताना त्याच्या हक्काचाही विचार करावा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे उलटलेले ग्रंथ सर्वांस मोकळे असतात; नवे लेखन मात्र परवानगीवाचून छापून वाटू नये.

ग्रंथालयासही विसरू नये. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालापासून वाचकांची सेवा करीत आहे. आंतरजालावर न आलेली पुष्कळ मराठी पुस्तके अशा वाचनालयांतच मिळतात.

९. उपसंहार

साल्हेरचा किल्ला बागलाण तालुक्यात आहे. २०२५ साली मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत साल्हेर आहे. आता त्याची चित्रे व नकाशे जगातील कोणासही घरबसल्या पाहता येतील. त्याबरोबरच त्याविषयी अनेक खऱ्या-खोट्या गोष्टीही फिरू लागतील. किल्ल्याच्या पायथ्याच्या शाळेतील मुलगा त्या वेळी कोणत्या बाजूस असेल? आलेला मजकूर न वाचता पुढे ढकलणाऱ्यांत असेल, की “हे कशावरून?” असे शांतपणे विचारणाऱ्यांत असेल? याचे उत्तर आज त्याच्या वर्गात काय घडते, यावर अवलंबून आहे. ज्या गावातील मुले हा प्रश्न विचारावयास शिकली, त्या गावात इतिहासाच्या नावाने भांडण लावणे कोणासही सोपे जाणार नाही.

आणि शिक्षकास एखाद्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल, तर “आपण दोघे मिळून शोधू या” असे म्हणण्यात कमीपणा नाही. तेच त्या दिवसाचे उत्तम अध्यापन होय.

स्वाध्याय (केंद्रातील चर्चेसाठी) :

१. आपल्या गावाचा किंवा जवळच्या बाजारगावाचा उल्लेख १८८३ च्या गॅझेटियरमध्ये शोधा. त्यातील कोणती माहिती आजही खरी आहे व कोणती पालटली आहे, याचा तक्ता करा.

२. मोबाईलवर आलेला इतिहासविषयक एक मजकूर घेऊन त्यास चार प्रश्न लावा आणि निष्कर्ष लिहा.

३. उषवदाताच्या ठेवीवर आधारित तीन शाब्दिक उदाहरणे इयत्ता सातवीसाठी तयार करा.

४. १९७२ च्या दुष्काळाविषयी गावातील वृद्धांस विचारावयाच्या दहा प्रश्नांची यादी मुलांच्या साहाय्याने तयार करा.